मर्व्हकाकांचं न उघडलेलं इंजिन

तीर्थरूप मर्व्हकाकांना टॅम्सिनचा वाकून नमस्कार. (तुम्ही आशीर्वाद उभ्यानेच द्या, खुबा नवीन आहे.) तब्येत सुधारत असेल. नोलीनकाकू सांगत होती की ती तुम्हाला टाउन्सव्हिलच्या समुद्रावर चालायला नेते आणि तुम्ही रस्त्याकडे तोंड करून बाकावर बसता, येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलीला आवाजावरून नावं ठेवता. व्यायाम घेणाऱ्या पोरीला तुम्ही 'खुबा बसवताना ग्रीस कुठलं वापरलं' असं विचारलंत म्हणे. म्हणजे डोकं शाबूत आहे. बरं वाटलं.

इकडे सगळं क्षेम. तुमची बाईक ठणठणीत आहे. हे वाक्य नीट वाचून घ्या आणि पुढचं वाचताना त्याला धरून राहा.

शनिवारी मॉरीनबाईंच्या पबामागे गुरं हाकायच्या बाईकींच्या इंजिनांची तपासणी आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण डगी प्रॉसरला वाटतं मला सांगावं लागतं. (ब्रिस्बेनला तीन वर्षं समाजशास्त्र शिकून आलेल्या माणसाला इकडे सगळेच सगळं समजावून सांगतात, गाय कुठल्या बाजूने चालते तेसुद्धा.) परवा डिझेल भरताना त्याने मला नियम पाठ म्हणून दाखवले. ऑइल बदला, फिल्टर धुवा, वरचं झाकण काढून व्हॉल्व्हची फट मोजा, सगळं माफ. पण खाली हेडच्या, म्हणजे पिस्टनवरच्या टोपणाच्या, नटांवर मॉरीनबाईंनी मोहोर म्हणून लावलेलं जांभळं नेलपॉलिश तडकलं, की इंजिन बाद. सगळ्यात जुनं न उघडलेलं इंजिन ज्याचं, तो पुढचा हंगामभर कळपाच्या पुढे, स्वच्छ हवेत. जो हरला तो शेपटीला, दोन हजार गुरांची धूळ खात. मग म्हणाला, "म्हाताऱ्याची अकरा वर्षं, माझी नऊ. तुझ्या हातात गाडी दिलीय म्हटल्यावर मी आत्ताच धुळीसाठी तोंडावर बांधायचा नवा रुमाल शिवायला टाकलाय. तुझ्यासाठी." मी म्हटलं, "तुझ्या गाडीचा आवाज ऐकून मला वाटलं काँक्रीट मिक्सर आला." तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही.

तर तुमच्या सूचना मी अक्षरशः पाळल्या. थंड इंजिन पिळायचं नाही, म्हणून रोज पहाटे सगळे गुरांमागे निघून जायचे आणि मी गाडीशेजारी उभी राहून ती गरम व्हायची वाट बघायचे. (मुकादमाने विचारलं, तिला अंगाईपण म्हणतेस का.) ऑइल ती मागायच्या आधी बदललं. काढलेलं ऑइल दोन बोटांत चोळून वास घेतला, तुम्ही घेता तसा. वासावरून मला काय कळायचं असतं ते तुम्ही सांगितलं नव्हतंत, तरी मी मान हलवली. तुमचं ते वाक्यही मी इथल्या सगळ्यांना ऐकवलं: दोन स्ट्रोकचं इंजिन रुसलं की तिथल्या तिथे बोंबलतं, चार स्ट्रोकचं सासूसारखं मनात ठेवतं आणि एक दिवस सगळं एकदम काढतं. तेव्हा मुकादमाची सासू शेजारीच जेवायला बसली होती. तो विषय वेगळा.

आता हवेचा फिल्टर. तोही रोज धुतला. स्पंजाचा तो तुकडा साबणात पिळून, फिल्टरचं लाल तेल चोळून, चांगला लालभडक करून मी कपड्यांच्या दोरीला लावला, कारण तुम्हीच म्हणालात सावलीत वाऱ्यावर टांगायचा. काकाकुव्यांबद्दल तुम्ही काही बोलला नव्हतात. पाण्याच्या टाकीवर बसणारा तो पांढरा थवा तुम्हाला माहीत आहे, ज्याने टीव्हीची वायर खाल्ली होती. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा सगळ्या थव्याच्या चोची लाल होत्या आणि चिमट्यात फिल्टरची एक शेंडी उरली होती. दुसरा जादा फिल्टर? तो त्यांनी आदल्या दिवशीच खाल्ला होता. (मला वाटलं वाऱ्याने उडाला. समाजशास्त्रात काकाकुवे नव्हते.)

नवा फिल्टर टपालाच्या विमानाने येणार गुरुवारी, आणि गुरं हाकायची मंगळवारी. अशा वेळी माणूस घरात जे मऊ असेल त्याकडे बघतो. मी माझ्या वळकटीची स्पंजाची गादी कापली. ब्रेडच्या सुरीने अगदी मापात कापून, तेल पाजून बसवली. दिसायला तर तुमच्या फिल्टरपेक्षा देखणी दिसत होती. फक्त तिच्यातून सगळं आरपार जात होतं. हे मला दुपारी कळलं. वारा फिरला, धुळीचा लोट आला, आणि गाडी आधी निळा धूर सोडायला लागली, मग ऑइल प्यायला लागली. डगी प्यायला बसतो तशी. संध्याकाळी किक मारायला गेले तर पायाची गरजच नव्हती, ती हातानेच खाली गेली. धुळीने पिस्टन घासून आत दाब धरणारं काही उरलंच नव्हतं.

पण काळजी करू नका. गाडी शेडमध्ये आहे, अंगावर चादर आहे, आणि कोणी विचारलं तर मी सांगते की काकांचा नियम आहे, तपासणीआधी इंजिनाला विश्रांती. डगी चादरीकडे बघतो आणि माझ्याकडे बघतो. मी डब्यातला केक पुढे करते.

काकूला नमस्कार. चालत राहा.

तुमची लाडकी,
टॅम्सिन

ता. क. काकूकडे जांभळं नेलपॉलिश असेल तर शनिवारच्या आत पाठवायला सांगा. वांग्याचा असतो तो जांभळा, द्राक्षाचा नाही. मला अचानक नटायची हौस आली आहे.

ता. क. दोन. बरं, हेड मी काल उघडलं. पण काका, नटांवरचं पॉलिश खरवडताना त्याखाली दुसरं जांभळं लागलं, जरा फिकट. त्याखाली तिसरं, ते चमकीचं. झाडाला वलयं असतात तशी तुमच्या इंजिनाला वर्षं आहेत. आणि अकरा वर्षं न उघडलेल्या इंजिनात जो पिस्टन निघाला, तो माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षापेक्षा जुना नाही. मॉरीनबाई मात्र चमकीचं पॉलिश कधीच लावत नाहीत, त्यांना ते उथळ वाटतं.

ता. क. तीन. राहवलं नाही म्हणून काकूला फोन केला. मी नेलपॉलिश एवढंच म्हटलं, रंग सांगितलासुद्धा नव्हता. ती म्हणाली, "एक बाटली पाठवू का दोन? त्यांचा हात थरथरतो, त्यांना दोन लागायच्या." तेव्हा ते काम झालं. तुम्ही आता एवढंच कळवा: विमानाने मागवलेल्या नव्या पिस्टनच्या डोक्यावर जो बाण असतो, तो सायलेन्सरच्या बाजूला ठेवायचा की कार्बोरेटरच्या? पुस्तकात बघत बसत नाही. तुम्हाला पाठ असणार.