आईचे शिसवी पाट

पिपलानी, भोपाळ
२ ऑगस्ट १९७९

ती. सौ. सिंधूवन्संना,
शशिकलेचा सा. न. वि. वि.

तुमच्या भावाची तक्रार करायला बसले आहे. स्कूटरच्या अपघातात मणक्याला मार लागून पाय गेले, त्याला सहा वर्षं झाली. पण चाकांची खुर्ची स्वतः ढकलत ड्रॉइंग ऑफिसला जातात, एक दिवस खाडा नाही. मला अभिमान आहेच. आता मात्र उजवा खांदा इतका दुखतो की सदऱ्याची बाही चढत नाही. डॉक्टर म्हणाले, यांचे खांदेच यांचे पाय. ते गेले तर पलंगावरून खुर्चीत येणंही दुसऱ्याच्या हाती.

पलंग खुर्चीच्या उंचीचा केला, सरकायला गुळगुळीत फळी आणली, रबराच्या पट्टीचा व्यायाम चालू आहे. सगळं ऐकतात. फक्त महालक्ष्म्यांच्या जेवणाला पाटावर उतरायचं सोडत नाहीत. पुन्हा दोन हातांवर वर चढणं खांद्याला सर्वांत वाईट. पण सगळे वाहवा करतात, आणि पहिली वाहवा तुमची! रागावू नका.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची शशिकला


नागपूर
१० ऑगस्ट १९७९

चि. बाळूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सूनबाईंचे दिवस भरत आलेत, म्हणून यंदा मी येत नाही. धाकट्या प्रकाशला सणाआधीच पाठवते आहे. त्याच्याबरोबर आईचे अकराही शिसवी पाट परत पाठव. ते माझे आहेत, तुला नुसते वापरायला दिले होते.

कारण विचारू नकोस. बरं, विचारच. तू पाटावरून खुर्चीत चढलास की मी टाळ्या पिटायची आणि इथे अख्ख्या महाल भागात फुशारकी मारत फिरायची. खांद्याचं काय होतं, हे एकदाही विचारलं नाही. माझं चुकलं, बाळू. तू शूर आहेस हे मला पाटाशिवायही माहीत आहे.

रुसायचं तर खुशाल रुस, पण पाट पाठव.
तुझी ताई


पिपलानी, भोपाळ
१ सप्टेंबर १९७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाट पोचले असतील. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस रुसलो. वाटलं, सगळे सतरंजीवर बसतील आणि मी एकटा वर, परक्यासारखा. पण शशीने कॉलनीतून सात टेबलं गोळा केली. शेजारचे तिवारीजी तर आपलं जेवणाचं टेबल डोक्यावर घेऊन आले. अख्खी पंगत माझ्या उंचीला आली!

मग तुपाचं भांडं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांनी शिकवलेले चाकांवर लांब, सावकाश हात मारत टेबलांमधून फिरलो. सहा वर्षांत पहिल्यांदा घरच्या पंगतीत तूप मी वाढलं. शशीच्या पानावर जरा जास्तच पडलं. ती डोळे पुसत जेवली. खांदा अजून दुखतो, पण बाही चढते.

टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत, ताई. सगळ्यांनी नुसतं आणखी तूप मागितलं.

बाळाची खबर कळव आणि माया पातळ करू नकोस.
तुझा बाळू