अंजनाच्या वळणावर घासणारे मागचे चाक

प्रति,
मा. कृषी यांत्रिकी अधिकारी,
जिल्हा कार्यालय, बुऱ्हाणपूर (म. प्र.)

विषय: केळीचे खांब कापणाऱ्या रोटरी कटरच्या मागच्या चाकाची तपासणी केंद्राच्या आवारात न करता माझ्या शेतात, यंत्र चालू असताना करण्याबाबत.

संदर्भ: १) तापीतीर यंत्र सेवा केंद्राचे ‘यंत्रात दोष आढळून आला नाही’ असे कळविणारे पत्र.
२) त्याच केंद्राचे, माझे शेत बाधारहित असल्याचा दाखला मागणारे पत्र.

महोदय,

मी, नामदेव निंबा चौधरी, शाहपूरच्या पुढे तापीच्या बाजूला केळीची शेती करतो. त्यापूर्वी कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत परीक्षण सहायक होतो. कागदाची जाडी, ओल आणि फाटण्याचा ताण मोजणे हे माझे काम होते. आपल्या कार्यालयाचा व्यवहार हिंदीत चालतो हे मला ठाऊक असून हिंदी अनुवाद सोबत जोडला आहे. मूळ अर्ज मराठीत ठेवला, कारण यातील काही विधाने ज्यांनी केली त्यांनी ती मराठीत केली आणि अनुवादात साक्ष पातळ होते.

१. केळीचा घड उतरवल्यावर उभे राहिलेले खांब बारीक करून जमिनीत मिसळण्यासाठी परिसरातील शेतकरी वरील केंद्राकडून ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे जोडलेले रोटरी कटर भाड्याने घेतात. पाती जमिनीला टेकू नयेत म्हणून या यंत्राला मागे एकच चाक असते. हे चाक एका लोखंडी चिमट्यात बसवलेले असून तो चिमटा दवाखान्यातील स्ट्रेचरच्या चाकाप्रमाणे स्वतःभोवती मोकळा वळावा, अशी त्याची मूळ रचना आहे. पुढील सर्व मजकूर ‘मोकळा’ या एका शब्दाशी संबंधित आहे.

२. मार्च महिन्यात केंद्राचे चालक श्री. भिकन हे यंत्र घेऊन माझ्या शेतात आले. सरळ ओळींत काम व्यवस्थित चालले. पूर्वेच्या कोपऱ्यात अंजनाचे जुने झाड आहे. केळीच्या ओळी त्याला वळसा घालून जातात. त्या वळणावर यंत्रातून एक लांब, बारीक, वर चढत जाणारा आवाज आला. श्री. भिकन यांनी यंत्र थांबवले, पुन्हा चालवले, पुन्हा आवाज आला. त्यांनी ट्रॅक्टर तिथेच बंद केला, किल्ली माझ्या हातात दिली आणि ते पायी निघून गेले. जाताना त्यांनी जे सांगितले ते जसेच्या तसे नोंदवतो: “तात्या, मशीन तर ठीक आहे. काकू नाही म्हणते तिथे.”

३. श्री. भिकन ज्यांना काकू म्हणतात त्या माझ्या पत्नी कै. विमल. त्यांचे निधन गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास बुऱ्हाणपूर येथे दवाखान्यात झाले. शेतात काहीही घडलेले नाही. त्या हयात असताना दुपारी अंजनाखाली बसून जेवत असत आणि मजूर बायकांनाही तिथेच बोलावत असत, एवढाच त्यांचा त्या कोपऱ्याशी संबंध. (एक संबंध आणखी आहे. तो परिच्छेद ६ मध्ये येईल.)

त्यानंतर हाच आवाज यंत्र परत न्यायला आलेल्या दुसऱ्या चालकानेही ऐकला. दोन माणसांनी ऐकलेली गोष्ट आमच्याकडे लवकर सिद्ध होते. मजुरीला येणाऱ्या रंभाबाई गेली कित्येक वर्षे आमच्या शेतात काम करतात. त्या आता कोपऱ्यापर्यंत येत नाहीत, बांधावरूनच बोलतात. त्या मला म्हणाल्या, “जिती होती तेव्हा तुम्ही तिचं एक ऐकलं नाही, तात्या. आता सारा गाव ऐकून राहिला.” या विधानाच्या पूर्वार्धाशी मी वाद घालू इच्छित नाही. उत्तरार्ध तपासण्याजोगा असल्याने तपासला.

४. श्री. भिकन यंत्र सोडून गेल्यापासून केंद्राने ते परत नेईपर्यंत ते माझ्या शेतात उभे होते. त्या अवधीत मी पुढील तपासणी केली. यंत्राचा एकही भाग सोडवला नाही, कारण यंत्र माझे नाही.

(अ) कटर जॅकने उचलून चाक हाताने फिरवले. ते सहज फिरले आणि कुठेही घासले नाही. म्हणजे टायर वाकडा नव्हता.

(ब) आसाभोवती केळीच्या सोपटाचे धागे गुंडाळले गेले की चाक जाम होते, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. धागे होते. विळ्याने कापून काढले. चाकाच्या फिरण्यात फरक पडला नाही.

(क) टायर आणि चिमट्याचे दोन पाय यांतील मोकळी जागा मोजली. दोन्ही बाजूंना सारखी होती, म्हणजे चिमटाही वाकलेला नव्हता. मात्र चाक हाताने डावी-उजवीकडे ढकलले असता ते आसावर डुलत होते. आतले बुश (चाक आणि आस यांच्यामधली धातूची नळी) झिजले आहे. तरीही नुसत्या डुलण्याने टायर चिमट्यापर्यंत पोचत नव्हता. त्याला बाजूने कोणीतरी जोराने रेटले पाहिजे.

(ड) चिमट्याच्या उजव्या पायाच्या आतल्या बाजूला, वरच्या भागात, रंग उडून लोखंड चकचकीत झाले होते आणि त्यावर टायरचे काळे रबर चिकटलेले होते. डाव्या पायावर असे काही नव्हते. दोन्हींवर खडू फासून ठेवला. यंत्र नेण्यासाठी दुसरा चालक आला तेव्हा त्याला सरळ ओळीतून एकदा आणि अंजनाच्या वळणावरून एकदा जाण्याची विनंती केली. सरळ ओळीत दोन्हीकडचा खडू जसाच्या तसा राहिला. वळणावर आवाज झाला आणि उजव्या पायावरचा खडू पुसला गेला. हा चालक खडू पाहण्यासाठी खाली उतरला नाही.

५. चाकाला बाजूने रेटणारी वस्तू मला चिमट्याच्या वर सापडली. ती बांधकामावरची साधी तार आहे. चिमटा यंत्राच्या पाठीला या तारेने पक्का बांधलेला आहे, म्हणजे जो मोकळा वळायला हवा तो वळत नाही.

ही तार कोणी खोडसाळपणे बांधलेली नाही. आमच्या भागात सर्व केळी ठिबकवर आहे. मोकळे चाक कधी कधी आडवे होऊन ठिबकच्या नळीवर चढते आणि नळी फोडते. त्यावरून चालक आणि शेतकरी यांच्यात बरेच वाद झाले. तेव्हा चाक सरळच राहावे म्हणून ते तारेने बांधून टाकण्याची पद्धत पडली. आता ते सर्वांच्याच शेतात बांधलेले असते. सरळ ओळीत त्याने काही बिघडत नाही. ओळ संपली की चालक यंत्र हायड्रॉलिकने वर उचलतो आणि चाक अधांतरी असतानाच ट्रॅक्टर वळवतो. त्यामुळे बांधलेल्या चाकाला जमिनीवर वळण घेण्याची वेळ कोणाच्याच शेतात येत नाही.

माझ्या शेतात येते. अंजनाभोवतीची ओळ वाकडी असल्याने खांब कापता कापताच वळावे लागते, म्हणजे चाक जमिनीवर असते. झाड डावीकडे ठेवून ट्रॅक्टर डावीकडे वळतो, तेव्हा यंत्राची शेपटी उजवीकडे फेकली जाते. बांधलेले चाक वळू शकत नाही, ते आडवे फरफटते. जमीन त्याचा खालचा भाग डावीकडे ओढते, झिजलेल्या बुशवर ते कलते आणि त्याचा वरचा भाग चिमट्याच्या उजव्या पायाला लागतो. रबर लोखंडावर घासले की असा आवाज येतो. वळणावर चालक इंजिनाचा वेग कमी करतात, म्हणून तो तिथे स्पष्ट ऐकू येतो.

केंद्राच्या तंत्रज्ञांनी यंत्र आवारातल्या फरशीवर सरळ पुढे-मागे करून पाहिले आणि दोष नसल्याचे लिहून दिले. त्यांनी जे पाहिले ते खरे आहे. त्यांनी वळण पाहिले नाही.

६. ओळ वाकडी का, याचे कारण देणे क्रमप्राप्त आहे. जमीन सपाट करताना ते झाड काढून टाकायचे असे मी ठरवले होते. पत्नीने ते काढू दिले नाही. ओळी सरळ असाव्यात, असे माझे म्हणणे होते. तिचे म्हणणे असे की केळीला सरळ काय नि वाकडे काय, आणि बायकांनी उन्हात जेवायचे कुठे. नळ्या टाकताना तिने स्वतः दोरी धरून वळण आखून दिले. मी ते आखीव नसल्याचे तेव्हाही दाखवून दिले होते.

तेव्हा गावकऱ्यांचा निष्कर्ष आणि माझा निष्कर्ष यांत वरवर वाटते तेवढे अंतर नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. आवाज त्या कोपऱ्यात तिच्यामुळेच येतो. फरक फक्त कारणाच्या मार्गाचा आहे. तो मार्ग तार, बुश आणि वळण यांतून जातो, आणि त्यातल्या दोन गोष्टी पान्याने दुरुस्त होतात.

७. हे सर्व मी आकृतीसह केंद्राचे व्यवस्थापक श्री. महेश यांना लेखी दिले. ते सुशिक्षित असून माझ्याशी नेहमी अदबीने वागतात. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “सर, आपण सायन्सवाले, मला पटतं सगळं. पण ड्रायव्हर लोकांची आस्था आहे, त्यात मी काय करू?” त्यांनी दोन मार्ग सुचवले. पहिला, अंजन तोडावे, म्हणजे चालक येतील. दुसरा, शेतात कोणतीही बाधा नसल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला आणावा.

पहिला मार्ग मला मान्य नाही. त्याची कारणे तांत्रिक नाहीत, म्हणून इथे देत नाही.

दुसऱ्या मार्गाने मी ग्रामपंचायतीत गेलो. तिथे सांगण्यात आले की रहिवासाचा, उत्पन्नाचा आणि मृत्यूचा दाखला देता येतो, बाधा नसल्याचा नमुना उपलब्ध नाही. नसलेली गोष्ट नसल्याचे प्रमाणित करणे कोणत्याही कार्यालयाला अवघड आहे हे मी समजू शकतो. तेव्हा उपलब्ध दाखल्यांतून मी पत्नीच्या मृत्यूचा दाखला केंद्राला सादर केला. संबंधित व्यक्ती शेतात हजर नसल्याचा माझ्याकडे असलेला तो एकमेव शासकीय पुरावा आहे. त्यावर तोंडी उत्तर मिळाले की मृत्यू सिद्ध झाल्याने चालकांची अडचण कमी न होता वाढते.

८. आजची स्थिती अशी आहे की शेतातले खांब तसेच उभे असून कुजू लागले आहेत. जूनमधली मृगबागेची लागवड त्यामुळे अडली आहे. हाताने खांब काढायला मजूर येत नाहीत. भोपाळला राहणारी मुलगी प्रतिभा हिने शेत बटाईने देऊन तिच्याकडे येण्यास सुचवले आहे. ती रोज फोन करते आणि जेवलो का ते विचारते. मी हो म्हणतो. या विधानाची खातरजमा करण्याचे कोणतेही साधन तिच्याकडे नाही. लागवड झाली नाही तर तिचे म्हणणे न ऐकण्याचे कारण माझ्याजवळ उरणार नाही.

पूर्वी शेतात रोज कोणी ना कोणी असे. श्री. भिकन काम नसतानाही वाटेत थांबत. ट्रॅक्टरवरूनच “काकू, चहा” असा आवाज देत आणि पत्नी त्यांना केळ्याचे वेफर्स बांधून देत असे. मार्चपासून बांधाच्या आत मी सोडून कोणी आलेले नाही. याला मी तक्रार म्हणत नाही. निरीक्षण म्हणून नोंदवतो.

९. सबब विनंती अशी की:

(अ) यंत्राची तपासणी माझ्या शेतात अंजनाच्या वळणावर, आधी तार बांधलेली असताना आणि नंतर तार सोडून व बुश बदलून, अशी दोनदा व्हावी. नळ्यांच्या नुकसानीची भीती चालकांना राहू नये म्हणून त्या मी स्वतः उचलून बाजूला बांधून ठेवीन.

(ब) पहिल्या फेरीत यंत्र झाडाभोवती उलट दिशेनेही न्यावे. माझा निष्कर्ष बरोबर असेल तर चाक या वेळी चिमट्याच्या डाव्या पायाला घासेल. तसे घडले नाही, तर माझा निष्कर्ष चुकीचा मानावा आणि हा अर्ज निकाली काढावा.

(क) यंत्र शक्यतो श्री. भिकन यांनीच चालवावे. त्यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये. त्यांनी जे ऐकले ते खरेच ऐकले होते.

(ड) दुसऱ्या फेरीच्या वेळी, म्हणजे तार सुटल्यानंतर, आपल्या कार्यालयातील एका व्यक्तीने माझ्याजवळ अंजनाखाली उभे राहून ऐकावे. तिथे बसायला जागा आहे आणि सावली चांगली आहे. या मुद्द्यावर मी आग्रही आहे. माझ्या तर्कानुसार तेव्हा त्या कोपऱ्यात काहीही ऐकू येणार नाही. परंतु प्रयोगशाळेत आम्हाला शिकवले होते की एकट्याने घेतलेली नोंद ग्राह्य धरू नये, आणि त्या कोपऱ्यात काही ऐकू येत नाही याची नोंद सध्या मी रोज एकट्यानेच घेत आहे.

तपासणीच्या दिवशी येणाऱ्या सर्वांच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडे राहील. स्वयंपाक मी करतो. तो बरा होतो किंवा नाही, याबद्दलही दुसरे मत मिळालेले नाही.

आपल्या येण्याचा दिवस कळावा, या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
(सही)
नामदेव निंबा चौधरी
शाहपूर, जि. बुऱ्हाणपूर
दिनांक: ९ मे २०२५

सोबत:
१) अर्जाचा हिंदी अनुवाद.
२) मागचे चाक, चिमटा व तार यांची आकृती, मोजमापांसह.
३) खडू पुसला गेलेल्या चिमट्याचे छायाचित्र.
४) संदर्भातील दोन्ही पत्रांच्या प्रती.
५) कै. विमल नामदेव चौधरी यांच्या मृत्यूचा दाखला. मूळ प्रत आहे, काम झाल्यावर परत मिळावी.