जिन्याखाली पिवळी पडलेली वाईन

मस्तगड, जालना

चि. प्रितम यास दाजीचा सप्रेम जय भीम.

इकडे सगळे खुशाल. माझी शुगर तुझ्या ताईच्या धाकाने आटोक्यात आहे, आणि ताईचा धाक बराबर जागेवर आहे. तुझ्या पाठदुखीचं कळव.

पत्राला कारण असं. आमच्या घरभरणीला तू नाशिकहून तुझ्या कंपनीतल्या स्वस्तातल्या पांढऱ्या वाईनचं खोकं आणल्तंस. (ताईने ते त्याच दिवशी जिन्याखाली, हौदाच्या गार भिंतीला लावून, वर गोणपाट टाकून ठेवलं. तिच्या घरात दारू चालत न्हाई, आणि फेकावी तर भावाचं मन दुखतं.) इतक्या वर्षांत तिकडे कोणी बघितलं न्हाई.

परवा तुझी भाची ज्योत्स्ना ऑफिसला गेल्ती, तेव्हा तिच्या सोयरिकीसाठी वाटूरचे कल्याणराव घर बघायला आले. मुलाचे वडील, निवृत्त तलाठी. पोहे खाल्ले, चहा घेतला, पण तोंडातून शब्द न्हाई. ताई आत घामाघूम. मी घाबरून त्यांना घर दाखवत सुटलो, आणि दाखवण्यासारखं संपलं तेव्हा हौदाची मोटार बघायला जिन्याखाली नेलं. गोणपाट त्यांनीच उचललं. मुलीचा बाप खोक्याने दारू ठेवतो, ही बातमी वाटूरला पोचली की संपलंच. बाटलीतली पांढरी वाईन तर पिवळीधमक झालेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "एरंडेल आहे."

"बरं झालं," कल्याणराव पहिल्यांदा बोलले. "गुडघे लई दुखून राह्यलेत. उघडा, जरा चोळतो."

उघडावी लागली. (झाकण फिरकीचं होतं. बूच असतं तर वाचलो असतो.) त्यांनी ती तळहातावर घेतली, नाकाशी नेली, जीभ लावली. मंग माझ्याकडे इतक्या शांतपणे बघितलं की मला सोयरीक मोडलेलीच दिसली.

"संपतराव, पेले आणा," ते म्हणाले.

अरे, तुझ्या कंपनीत पाजल्तीस तेव्हा हीच वाईन कच्च्या कैरीसारखी दात आंबवत होती. आता तिला मधाचा वास, मागून भाजलेल्या बदामाची चव, आणि आंबटपणा अजून शाबूत. आम्ही दोघं उपड्या बादल्यांवर बसलो आणि कल्याणराव बोलायला लागले. बायको वारल्यापासून घरात मुलगा मोबाईलशी बोलतो आणि हे टीव्हीशी, असं म्हणाले. खूप बोलले. शोधत शोधत ताई आली.

"वहिनी, यांचा दोष न्हाई. मी गुडघ्यासाठी मागितली," कल्याणराव उठून म्हणाले.

"तुमचे गुडघे दुखतात, मंग यांनी कशाला घेतली?" ताई म्हणाली. पण हसली. जाताना त्यांनी सोयरीक पक्की म्हणून सांगितलं.

तुझा दाजी,
संपत

ता. क. ज्योत्स्नाला अजून कोणी विचारलेलंच न्हाई, हे संध्याकाळी ध्यानात आलं. ती बिलकुल नको म्हणते. तुझं ऐकते, तेव्हा जल्दी येऊन तिला समजाव.

आणखी ता. क. समजावू नको. मुलाशी ती स्वतः फोनवर बोलली. त्यालाही ही सोयरीक नको, दुसरीच मुलगी पसंत आहे. मी भीत भीत कल्याणरावांना कळवलं, तर म्हणाले, पोरांचं पोरं बघतील, मी येत्या रविवारी येऊन राह्यलो. तू मात्र खोकं घेऊन ये, आणि त्यातल्या त्यात जुनी वाईन बघ. नवी ठेवून वाट बघायचं आम्हा दोघांचं वय न्हाई.