मी लाजले न्हवते

सुभेदार आकाराम ज्ञानू यादव (निवृत्त),

आवं, तुमी उसाला पाणी पाजायला गेलासा तवर मी सूनबाईसंगं पुन्यांदा कोरेगावला, डॉक्टरकडं चालले. भाकरी टोपल्यात हाय, कालवण गरम करून घ्या.

औंदा माझं अकरा किलो वजन आपसूक उतरलं. बांगड्या कोपरापातूर जात्यात. अंगणात चालताना सावरीच्या कापसावानी तरंगतेय असं वाटतं. लय बरं वाटतं, खरं सांगते. पर माणसांची नावं बी तशीच उडून जात्यात. डॉक्टर म्हणाले, या वयात वजन असं घटलं तर मेंदू बी तपासून बघावा.

परवा त्यांनी इचारलं, "आजी, मालकांचं नाव काय?" मी मान खाली घातली. सिस्टर हसली, "लाजल्या!" तुमी बी मिशीत हसलासा. लग्नातल्या उखाण्यानंतर मी तुमचं नाव कवा घेतलंच न्हाई, म्हणून सगळ्यांना तसंच वाटलं.

मी लाजले न्हवते. नाव आठवलंच न्हाई.

तुमच्या तोंडावर सांगायला धीर झाला न्हाई. डॉक्टरांना आज सांगते.

वर नाव बरोबर पडलंय न्हवं? दारावरची पाटी बघून लिवलंय. तेवढी पाटी रंगवायला काढू नका.

रंगू