लेक यायच्या आधीची आवराआवर

८ डिसेंबर, सोमवार

ही पडली. माळ्यावरच्या रजया काढायला स्टुलावर चढली आणि धाडकन खाली आली. रजया वरच राहिल्या. मी कामावर होतो. वरच्या मजल्यावरची शेजारीण धावली म्हणून बरं. ती पूर्वी दवाखान्यात नर्स होती, अजूनही सगळे तिला सिस्टरच म्हणतात.

पाय प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणाले, मी सांगेपर्यंत पलंगावरून खाली पाय ठेवायचा नाही. ही त्यांनाच विचारते, "आणि सुट्टीत माझी लेक यायचीय, तिचं काय?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

गेले दोन हिवाळे लेक आली नाही. दर वेळी काहीतरी निघायचं — कधी जावईबापूंची रजा, कधी सासूबाईंची तब्येत. यंदा येते म्हणाली. शाळेला सुट्टी लागली की नातीला घेऊन निघणार. नातीला आम्ही भुंगा म्हणतो, सारखी गुणगुणत असते म्हणून.

आणि नेमका आताच हा पाय!

९ डिसेंबर, मंगळवार

लेकीला कळवावं म्हणून फोन उचलला, तर हिनं हातातून ओढून घेतला. "एक अक्षर बोलायचं नाही तिच्याशी."

"अगं, आल्यावर दिसणारच आहे."

"आल्यावर दिसू दे. दारातून परत थोडीच जाईल? आत्ता कळलं तर बाह्या सरसावूनच येईल. माहेरपणाला यावी, चाकरीला नको."

"मग घराचं कोण बघणार?"

हिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

देवा!

१० डिसेंबर, बुधवार

रजयांना ऊन द्यायचं. लेकीच्या खोलीतली अडगळ हलवायची — तिथे आम्ही हळूहळू सगळंच कोंबलं आहे. मोडका पंखा, जुनी शिलाई मशीन, माझे कामाचे बूट. खिडकीच्या फटीतून गार वारा येतो, तो बुजवायचा. पडदे धुवायचे. दळण. भुंगासाठी गरम पाण्याची पिशवी, कारण तिचे पाय बर्फासारखे असतात (हे हिनं सांगितलं, मला कुठलं ठाऊक). आणि रोजचा स्वयंपाक, भांडी, हिचं अंग पुसणं, औषधं, माझी नोकरी.

अर्धं आयुष्य गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात गेलं. डोळे बांधा, हवं ते बेअरिंग काढून देतो. आज घरात मीठ सापडेना. मीठ! भाजी तशीच उतरवली. हिनं मुकाट्यानं खाल्ली, आणि मग म्हणाली, "पथ्याचं मस्त करता हो तुम्ही."

११ डिसेंबर, गुरुवार

अर्ध्या दिवसाची रजा मागितली. फोरमन म्हणाला, "पाहुणे येणार म्हणून रजा? बायका करतात की ते सगळं." मी म्हटलं, बायको झोपून आहे. त्याचा चेहरा पडला. "मग दोन दिवस घ्या," म्हणाला.

आता आमचं बरं जमलंय. मी स्वयंपाकघरात उभा, ही पलंगावर, मधलं दार उघडं. मी ओरडायचं, ही सांगायची. "खिडकीकडची फळी. पिवळ्या झाकणाच्या मागे हात घाला. अजून आत. लागलं?" आणि लागतं! एकदाही चूक नाही. चहाच्या डब्यात मिरी, साखरेच्या डब्यात सुईदोरा, आणि साखर कुठे, तर दुधाच्या पातेल्याखाली ठेवलेल्या बरणीत. हे कुणाच्या बापाला सुचावं! पण हिला डोळे मिटूनही दिसतं. भिंतीपलीकडून घर चालवते आहे. मी नुसते हातपाय.

सिस्टर डोकावून गेल्या. म्हणाल्या, "रिमोटवर चालतात हो तुमचे साहेब." ही इतकी हसली की पाय दुखला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पडदे धुतले. आटले. आता खिडकी खालून वीतभर उघडी.

१४ डिसेंबर, रविवार

आज मनासारखं काम झालं. हातून काहीतरी नीट झालं, असं या आठवड्यात पहिल्यांदाच वाटलं.

गोळी घेऊन ही दुपारभर झोपली. मनात आलं, हिला दर पाच मिनिटांनी ओरडून सांगावं लागतं, घसा बसला बिचारीचा. आपण स्टोअरवाले. स्टोअर लावावं तसं स्वयंपाकघर लावून टाकू, म्हणजे हिला त्रासच नको. सगळं खाली काढलं. जड सामान खालच्या फळीवर, रोजचं हाताशी, क्वचित लागणारं वर. एका जातीचं सगळं एकत्र. रिकामे डबे बाहेर. प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर नाव. साखरेच्या डब्यात साखर. चहाच्या डब्यात चहा!

आमच्या गावच्या शाळेत मास्तर म्हणायचे, वस्तू जागच्या जागी असली की मन जागच्या जागी राहतं. दार ओढून घेण्याआधी उभा राहून एकदा सगळं पाहिलं. मास्तरांची आठवण आली.

सिस्टर म्हणाल्या, "अहो, दुकानच झालं की!" हिला उठल्यावर सांगेन.

१५ डिसेंबर, सोमवार

सांगितलं. कामावर जायच्या आधी हौसेनं सांगितलं. ही म्हणाली, "बरं केलंत." मला वाटलं, खूश झाली.

संध्याकाळी आलो, स्वयंपाकाला लागलो. हळद संपली होती, नवीन पुडी कुठे आहे ते सवयीनं ओरडून विचारलं. पुन्हा ओरडलो. वाटलं, झोपली असेल. जाऊन पाहिलं तर टक्क जागी, भिंतीकडे तोंड.

"मला काय विचारता? तुमचं गोदाम, तुम्हाला ठाऊक."

रागानं म्हणाली असती तर सोसलं असतं. रागानं म्हणाली नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

ही बोलत नाही, असं नाही. विचारलं तर बोलते. "हो." "नको." "ठेवा तिथं." पण स्वतःहून काही सांगत नाही. परवापर्यंत दिवसभर सांगत होती — पडदे असे पिळा, दूध उतू जाईल, रजया पालटा. आज रजया बाहेर विसरल्या, दवानं ओल्या झाल्या. हिला आठवण नव्हती का? होती. म्हणाली, "लक्षात होतं. म्हटलं, तुमची काहीतरी पद्धत असेल."

सिस्टरना जिन्यात गाठलं. त्या कधी गंभीर होत नाहीत, आज झाल्या. "भाऊ, पाय मोडलेल्या बाईच्या हातात तेवढंच उरलं होतं. पडल्या पडल्या सगळं घर फिरून येत होती ती. तुम्ही तिचा रस्ताच उखडलात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुरुषमाणूस आवरायला लागला की अशीच धूळधाण. तोंड पाडू नका. लावा परत होतं तसं."

होतं तसं! कसं होतं?

१७ डिसेंबर, बुधवार

कामावर जीव नव्हता. नट मागितला, बोल्ट दिला. फोरमन म्हणाला, "रजेवर होतात तेच बरं होतं."

घरी आल्यावर पट्ट्या सोलल्या. पाण्यानं भिजवल्या, सुरीनं खरवडल्या. डिंक राहिलाच, डबे हाताला चिकटतात. मग सगळे डबे जमिनीवर मांडून मध्ये बसलो. आठवून आठवून किती आठवलं? मिरी चहाच्या डब्यात. सुईदोरा साखरेच्या. साखर दुधाच्या पातेल्याखाली. संपलं! या घरात इतकी वर्षं जेवतोय, आणि मीठ कुठे होतं ते आठवत नाही.

हिला विचारायची सोय नाही. विचारलं तर सांगेलही, पण दया करून सांगेल. माझ्याच्यानं ते ऐकवणार नाही.

आणखी एकाच माणसाला हे सगळं ठाऊक आहे. लेकीला. ती याच फळ्यांखाली रांगली. आणि तिलाच तर काही कळू द्यायचं नाही!

शेवटी देवापुढे डोळे मिटून बसलो. काही मागणार होतो. काय मागावं तेच सुचेना. देवा, हळद कुठे होती, असं का विचारायचं?

बसल्या बसल्या एक मनात आलं. हिची मांडणी मला अस्ताव्यस्त वाटत होती, पण हिचा हात कधी चुकला नाही. देवाचीही मांडणी तशीच असेल. आपल्याला वाटतं काहीच जागेवर नाही, आणि आपण मध्ये हात घालतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

खोटं बोललो. कारखान्याच्या आवारातून लेकीला फोन लावला. म्हटलं, फळ्यांना रंग दिला, डबे सगळे खाली काढले, आता पूर्वीसारखे लावायचेत, आई सिस्टरबरोबर बाहेर गेली आहे, तिला यायच्या आत करून टाकावं म्हणतो.

"बाबा, तुम्ही? रंग?" खूप हसली. किती दिवसांनी तिचं हसू ऐकलं! मग म्हणाली, "थांबा, डोळे मिटते." आणि सांगत गेली. डावीकडून सुरुवात करा. मीठ शेगडीच्या डाव्या हाताला, कारण आईच्या उजव्या हातात पळी असते. काडेपेटी खिडकीच्या वर, खाली सर्द होते. मिरी चहाच्या डब्यात, कारण त्या एकाच डब्याचं झाकण घट्ट आहे, वास उडत नाही. हळदीची पुडी पिठाच्या डब्यामागे, म्हणजे पीठ काढताना दिसते आणि संपत आली की कळतं. साखर दुधाजवळ, कारण दोन्ही एकदमच लागतात.

प्रत्येक वस्तूला कारण! मी पुठ्ठ्याच्या खोक्यावर खडूनं लिहून घेत होतो. मला लाज वाटली आणि छानही वाटलं.

शेवटी तिचा आवाज जरा खाली गेला. "मी इथंही तसंच लावलं होतं, बाबा. इथं नाही चाललं."

मी म्हटलं, असतं गं, प्रत्येक घराची पद्धत वेगळी. ती "हो" म्हणाली. मग विचारलं, "आई बरी आहे ना?"

"ठणठणीत," म्हटलं.

देवाकडे पाहवलं नाही आज.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सगळं जागेवर. लेकीनं सांगितलं तसं, डावीकडून. हिला काही बोललो नाही. चहाला पाणी ठेवलं आणि पूर्वीसारखा ओरडलो, "अगं, मिरी कुठंय?"

पाणी उकळून वर आलं. वाटलं, गेलं सगळं.

मग आतून — "चहाच्या डब्यात बघा बरं?"

"आहे!"

"मीठ?"

"शेगडीच्या डावीकडे!"

"काडेपेटी?"

"खिडकीच्या वर!"

शेगडी बारीक केली. आत गेलो तर डोळ्यांना पदर लावून बसलेली. "कुणी सांगितलं?" मी खरं सांगितलं. रंगाची थापही सांगितली. वाटलं, आता भडकेल. "तिनं काय काय विचारलं?" एवढंच म्हणाली. मी सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. "इथं नाही चाललं" हे वाक्य दोनदा म्हणायला लावलं. मग उशीवर मान टाकली.

"तिच्या खोलीतलं कपाट पूर्ण रिकामं करा."

"अगं, चार दिवसांसाठी एक कप्पा —"

"पूर्ण."

केलं. हुकूम सुरू झाले, हेच पुष्कळ! पडद्याला खालून पट्टी जोडायची राहिली. खिडकीची फट राहिली. एक रजई अजून दमट आहे. उद्या दुपारी येणार. काही होत नाही माझ्याच्यानं.

२० डिसेंबर, शनिवार

आल्या! रिक्षा दाराशी थांबली आणि मी हातातलं फडकं घेऊनच धावलो. सामान इतकं की रिक्षावाला कुरकुरला. भुंगा झोपेत होती, तशीच खांद्यावर घेतली. पाय खरंच बर्फ.

लेकीनं आईला पाहिलं, प्लास्टर पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल, बाह्या सरसावेल. चप्पलही न काढता पलंगाशी बसली आणि आईच्या कुशीत तोंड खुपसलं. ही तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मला खुणेनं सांगितलं — जा, चहा टाका.

चहा टाकला. साखर न शोधता मिळाली.

लेक फार वाळली आहे.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी लेक म्हणाली, "बाबा, सुट्टी संपली तरी मी जाणार नाही. भुंगाला इथल्याच शाळेत घालू." मी दचकलो. ही मात्र दचकलीसुद्धा नाही. ती न्हायला गेल्यावर विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"फोनवरचा आवाज मला कळत नाही होय? म्हणून तर पायाचं कळू दिलं नाही. कळलं असतं, तर सासरचं सगळं मनातच गिळून चार दिवस राबली असती आणि गेली असती परत. दुखणाईत घरात कोण आपलं दुखणं घेऊन येतं?"