पाव खुर्चीचा कारागीर

मामा, तुम्हाला मला काय म्हणायचं ते म्हणा, पण उघड्या पोस्टकार्डावर म्हणू नका. "तू तिथे पाव खुर्चीचा कारागीर आहेस" हे तुमचं वाक्य माझ्याआधी टपालवाल्याने वाचलं, मग खोलीच्या मालकिणीने वाचलं, आणि मी कामावरून येईपर्यंत खोलीतल्या पाचही जणांना ते तोंडपाठ झालं होतं. आता मला इथे कोणी नावाने हाक मारत नाही, 'पाव' म्हणतात. शिवाय तुमचा आकडाही चुकलाय. खुर्चीला चार पाय, त्यातला मागचा डावा मी बसवतो, इथवर कबूल. पण पाठ, हात, बैठक आणि पॉलिश धरलं तर मी पाव कुठला, विसावा हिस्साही भरत नाही. भांडायचंच तर नीट मापाने भांडा, गुण्या लावून काटकोन बघितल्याशिवाय लाकडाला हात लावू नको असं मला तुम्हीच सांगायचात.

(नमस्कार राहिला. तो घ्यावा, आणि मामीला तिचा वेगळा द्यावा, तुमच्यातला अर्धा नको. गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसती बाटली उशाशी ठेवून बरं वाटायची वाट बघता? माझी तब्येत ठीक. फक्त उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झालाय. दिवसभर एकाच बाजूने मोगरी मारली की दुसरं काय होणार.)

भांडण कुठे थांबलं होतं ते मला आठवतंय. तुमच्या कारखान्यातून (म्हणजे आपल्या पडवीतून) मी पिशवी घेऊन निघालो तेव्हा म्हणालो होतो, इथे चार दिवसांत एक खुर्ची होते, तिथे एका दिवसात तीनशे होतात. तुम्ही रंधा न थांबवता म्हणालात, "त्या तीनशेतली तुझी कोणती, ते मला येऊन दाखव." तेव्हा उत्तर सुचलं नाही. अकरा महिने झाले, अजून सुचलेलं नाही, पण म्हणून तुमचं खरं ठरत नाही.

काम वाटून घेतलं की पटापट होतं हे आम्हाला इतकं पटलं की आम्ही ते खोलीवरही आणलं. आम्ही सहाजण. एकाने भाजी चिरायची, एकाने स्टोव्ह बघायचा, एकाने मीठमसाला, एकाने भांडी, एकाने पाणी, आणि मी झाडू. पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्या आठवड्यात मीठवाला बहिणीकडे गेला आणि आम्ही पाच दिवस अळणी जेवलो. मिठाचा डबा समोर होता, मामा. पण दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही असं ठरलं होतं. त्यात भर म्हणजे दाराला कुलूप लावायचं काम कोणाच्याच वाट्याला आलेलं नाही हे सहाव्या दिवशी, स्टोव्ह चोरीला गेल्यावर लक्षात आलं. स्टोव्हवाला तेवढा खूश होता. त्याला काम उरलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या आठवड्यात मोठ्या ऑफिसातून एक साहेब आम्हाला व्यवस्थापन शिकवायला आले. आम्ही खोक्यांवर बसलो आणि त्यांनी फळ्यावर एका बाजूला एक माणूस काढला आणि दुसऱ्या बाजूला बारा. एकटा माणूस चार दिवस राबतो तेव्हा एक खुर्ची होते, बारा जण रांगेत उभे राहिले की तेवढ्याच वेळात हजाराच्या वर होतात, असं त्यांचं म्हणणं. बोलणं पटत होतं. पण त्यांनी काढलेला तो एकटा माणूस वाकलेला होता, आणि त्याच्या कानामागे पेन्सिल होती. आता मला सांगा, जगात कानामागे पेन्सिल ठेवणारे काय तुम्ही एकटेच आहात? तरी मला राग आला. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणी आख्खी खुर्ची केली आहे का?" सगळे हसले. माझा हात वर गेला. (माझा हात माझ्या आधी वर जातो, हे तुम्ही माझ्या आईला माझ्या तिसऱ्या वर्षीच सांगितलं होतं.)

साहेबांना आनंद झाला. आयतं उदाहरण मिळालं. ठरलं असं की मी रांगेच्या शेजारी टेबल मांडून एकट्याने खुर्ची करायची, आणि शेवटी त्यांनी घड्याळ दाखवून सगळ्यांना धडा द्यायचा. मला धड्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण मुकादमाने बाजूला घेऊन सांगितलं की नमुना खोलीतली एक जागा रिकामी होणार आहे. तिथे दोन म्हातारे बसतात आणि नव्या घाटाची पहिली खुर्ची हाताने करतात. मग तिच्याकडे बघून आम्ही तीनशे करतो. त्यातल्या एकाची नजर गेली आहे. दुसरा माझं काम बघेल, आणि खुर्ची मनासारखी उतरली तर मागचा डावा पाय सुटेल. मामा, मी रात्री झोपेतही उजव्या हाताने गादी ठोकतो, शेजारचा उठून बसतो. तो पाय सुटणं म्हणजे काय, ते तुम्हाला पत्रात सांगून कळणार नाही.

पहिला दिवस लाकूड निवडण्यात गेला. तुमच्यासारखं बोटाच्या पेराने ठोकून बघितलं, चार फळ्या परत पाठवल्या, मुकादमाच्या कपाळावर आठ्या. दुसऱ्या दिवशी मागचे पाय तासले आणि उभे केले, तर दोन्ही डावे! अकरा महिन्यांची सवय हातात मुरली होती. डोकं उजवा म्हणत होतं आणि हात डावाच करत होते. शेवटी रांगेतल्या मागच्या उजव्याला (हा माझ्याच खोलीत राहतो, त्याला आम्ही उजव्याच म्हणतो) समोर उभं केलं आणि त्याच्या हातांकडे बघत बघत पाय केला. तिसऱ्या दिवशी सांधे. ते तुम्हाला आवडले असते. एक खिळा नाही, सरसही अगदी जेमतेम. चौथ्या दिवशी सांगाडा जमिनीवर ठेवला, तर चारही पाय एकदम टेकले. कागदसुद्धा खाली सरकेना. मला वाटलं, आता तुम्हाला द्यायला उत्तर सापडलं. ही माझी.

मग मी वेताची जुडी पाण्यात भिजवली, एक पट्टी काढली, बैठकीच्या चौकटीतल्या भोकात घातली, आणि बसून राहिलो.

बसूनच राहिलो. कारण पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. दोन वर्षं तुमच्याकडे काढली, मामा. संध्याकाळी सांगाडा मागच्या पायरीवर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी बैठकीसकट उचलायचा. मधे मामी विणायची हे मी रोज बघत होतो. पण ते काम आहे असं मला कधी वाटलंच नाही, कारण विणता विणता ती एकीकडे मला शिव्या देत असायची. खुर्चीची विद्या म्हणजे तुम्ही, आणि मामी म्हणजे मामी, असा माझा समज. साहेब घड्याळ हातात धरून आले आणि म्हणाले, "बैठक?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ती मामी करते."

सगळा कारखाना हसला. रांगेतला फिरता पट्टा बंद पडला तेव्हाही लोक इतके खूश झाले नव्हते. साहेब मात्र हसले नाहीत. ते धावत फळ्याकडे गेले, त्या वाकलेल्या एकट्या माणसाशेजारी एक चौकोन काढला आणि त्यात 'मामी' लिहिलं. म्हणाले, बघा, जिथे एकच कारागीर आहे असं आपण समजतो, तिथेही काम वाटलेलंच असतं, फक्त फळ्यावर मांडलेलं नसतं. म्हणजे मामा, मी तर हरलोच, पण तुम्हीही हरलात. आयुष्यभर 'माझी खुर्ची, माझी खुर्ची' म्हणत आलात, आणि बसायचे लोक मामीवर. (बैठकीवर असं म्हणायचंय. खोडलं तर पान फाटेल, म्हणून राहू देतो.)

नमुना खोलीतला म्हातारा सगळे गेल्यावर आला. सांगाडा उलटा केला, प्रत्येक सांध्यावर नख फिरवलं, पाठीच्या कमानीवर हात ठेवला. बोलला एकच. "कुणाकडे शिकलास?" मी म्हणालो, मामांकडे. तो म्हणाला, "मग अर्ध्यात का पळालास?" जाताना त्याने सांगितलं की महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो, बैठकीसकट घेऊन ये, आणि बैठक तुझ्या हातची पाहिजे.

असो. भांडण माझ्याकडून बंद. तुम्ही चालू ठेवायचं तर ठेवा, पण पाकिटात.

तुमचा भाचा
(इथला पाव)

ता.क. वरचं सगळं नमनाला होतं. खरं काम मामीकडे आहे, तेव्हा इथून पुढचं तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधे स्वतःचं घालू नका. मामी, सहा छोट्या चौकटी विणून पाठव. पहिलीत नुसते उभे वेत घालून थांब. दुसरीत आडवे घालून थांब. अशी प्रत्येकीत एक एक पायरी पुढे जा, सहावी पुरी कर, म्हणजे कुठला वेत कुठल्याखालून जातो ते मला बघून कळेल. वीस तारखेच्या आत आल्या पाहिजेत. शिव्या मामांकडून लिहून घेऊन पाठवल्यास तरी चालेल, त्यांच्याशिवाय ते काम पुरं वाटणार नाही.

आणखी एक ता.क. मामा, त्या सहा चौकटी तुम्ही करायच्या आहेत. वीतभर लांब, वीतभर रुंद, आणि भोकांमधलं अंतर मामी सांगेल तेवढंच.

शेवटचं ता.क. इथे बैठक विणणाऱ्याला एका बैठकीचे पन्नास रुपये मिळतात. मी तुमच्याकडे होतो तेवढ्यात वेताच्या बैठकीच्या सत्तेचाळीस खुर्च्या बाहेर गेल्या. पायऱ्यांवरून मीच उतरवल्या, म्हणून मोजलेल्या आहेत. मनिऑर्डर मामीच्या नावाने केली आहे, तिथे तुमची सही चालणार नाही, तिचा अंगठा लागेल. दोन हजार तीनशे पन्नास.