कांद्याच्या मुळांवरचं काम आणि येडगावची जमीन

मी, ठकूबाई गेणभाऊ भोर, निवृत्त पेशीशास्त्र संशोधक, राहणार जुन्नर, मूळ गाव येडगाव, कोणाच्याही दडपणाशिवाय, सर्व काही समजून-उमजून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शरीर थकलं आहे, डोकं थकलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि आता दुसरं करायला सवड मिळेल असं वाटत नाही.

१. जुन्नरचं राहतं घर माझं स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या भावाची नात आरोही हिला मिळावं. ती पुण्यात शिकते आहे. दप्तरी तिचं एकटीचंच नाव लागावं. वडिलांचं नको, पुढे नवऱ्याचंही नको. शिक्षण सोडून लग्न कर म्हणून कोणी मागे लागलं, तर तिने खुशाल या घरात येऊन राहावं आणि दार आतून लावावं.

२. माझा मायक्रोस्कोप, निवृत्तीनंतर मी जिथे शिकवलं त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेस द्यावा. तो कपाटात कुलूपबंद ठेवू नये. दसऱ्याला त्याची पूजा करू नये. हळद-कुंकू भिंगात जातं.

या यंत्राविषयी थोडं लिहिणं भाग आहे. सन १९९२ मध्ये पुण्याच्या एका संस्थेत कांद्याच्या मुळांवर काम करताना मला दिसलं, की एका पेशीला इजा झाली की शेजारच्या धडधाकट पेशीही विभाजन थांबवतात. मी ते सभेत मांडलं. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "भोरबाई, तुमच्या कांद्यालाच रडू येतंय वाटतं!" सगळे हसले. पुढे त्या कामाचा निधी बंद झाला. मी सामान बांधून येडगावला आले.

कोंडावहिनी, म्हणजे माझे थोरले भाऊ सयाजीदादा यांची बायको, भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं.

"लोकं हसली म्हून आलात व्हय, वन्सं?"

"हो."

"मग दोन घास खावा, झोपा, नि सकाळच्या यष्टीनं माघारी जावा. हितं ऱ्हायलात तर हितली बी हसत्याल."

मी गेले. हा मायक्रोस्कोप जुना विकत घेतला, वीज नसेल तेव्हा आरशाने ऊन वळवून काम केलं. निबंध १९९५ साली एका लहानशा नियतकालिकात आला. तो कोणी वाचला नाही. आठ वर्षांनी स्कॉटलंडहून एका संशोधिकेचं पत्र आलं, 'मिस्टर भोर' यांच्या नावाने. तिला प्राण्यांच्या पेशींत तेच दिसलं होतं, आणि तिच्या निबंधाची सुरुवातच माझ्या कामापासून होती. आता कितीतरी देशांत त्यावर काम चालतं.

विभागप्रमुखांचा फोन आला. "मी तेव्हा हसायला नको होतं," म्हणाले. मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्याविषयी मनात आता काही नाही, असं लिहिणार होते; पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये. थोडं आहे. ते माझ्याबरोबर जाऊ द्या.

३. माझ्या सोन्याच्या पाटल्या कोंडावहिनीला. तिने त्या घालाव्यात, सुनेसाठी ठेवू नयेत.

४. गेल्या वर्षी माझ्या पोटात गाठ निघाली. तिच्या तुकड्याची तपासणीची काच, म्हणजे स्लाइड, मी मागून घेतली आणि घरी या मायक्रोस्कोपखाली पाहिली. जन्मभर थांबणाऱ्या पेशी पाहिल्या. या थांबतच नव्हत्या. आधी खूप राग आला. मग सवयीने त्यांचं चित्र काढायला बसले. ही काच माझी शेवटची विद्यार्थिनी श्रेया हिला द्यावी. अशा पेशी शेजाऱ्यांचं का ऐकत नाहीत, हेच ती शोधते आहे. ती रडेल. रडून झालं की कामाला लागावं.

५. येडगावच्या जमिनीतला माझा हिस्सा. लग्नासाठी आलेलं पारगावचं स्थळ मी नाकारलं, तेव्हापासून सयाजीदादा माझ्याशी बोलत नव्हता. ऑपरेशनच्या दिवशी मात्र दवाखान्यात येऊन बसला, आणि मला घरी सोडेपर्यंत उठला नाही. म्हणून जमीन त्याला द्यायची ठरवली होती. साक्षीलाही तोच येणार म्हटल्यावर वकील म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष न केलेली बरी.

दादा म्हणाला, "मंग मला जमीन नको. साक्ष म्याच करनार."

"दादा, साक्ष कोणीही करेल."

"उद्या घरातलीच म्हनत्याल, म्हातारीनं आजारपनात कायबी लिवलं, पोरीच्या नावानं घर केलं. तवा म्या हुबा ऱ्हाईन. जमीन पप्प्याला दे."

त्याप्रमाणे जमीन त्याचा मुलगा, आरोहीचे वडील पप्पू यास मिळावी. त्याने घरावर हक्क सांगू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: जुन्नर
दिनांक: ११ फेब्रुवारी २००६
(सही) ठकूबाई गेणभाऊ भोर

साक्षीदार:

१. डॉ. शाहनवाज वजीर शेख, जुन्नर. लिहून देणार यांनी माझ्यासमक्ष सही केली.

२. सयाजी गेणभाऊ भोर, येडगाव. ठकूनं माझ्या म्होरं सही केली. ती पुरी शुद्धीवर हाय. पयल्यापास्नंच व्हती.